पाणी मागणारी कृपा

ख्रिस्ती धर्मविचारात ‘कृपा’ म्हणजे माणसाची पात्रता न पाहता, त्याने काही कमावलेले नसताना देवाने त्याच्यावर केलेले प्रेम. तारण, म्हणजे पापाच्या बंधनातून सुटका, ही सत्कर्मांची मजुरी नसून देणगी आहे, हे प्रेषित पौल नव्या करारातील आपल्या पत्रांतून पुन्हा पुन्हा सांगतो. लातूर-नांदेडकडच्या कोणत्याही मंडळीत, म्हणजे स्थानिक उपासक समुदायात, ही शिकवण लहानपणापासून कानांवर पडते. मात्र तिचा व्यवहारातला अर्थ बहुधा एकाच बाजूने लावला जातो, तो असा की देवाने फुकट दिले, म्हणून ख्रिस्ती माणसानेही हात आखडता न घेता द्यावे. हे खरे असले तरी अपुरे आहे, कारण देणारा वरच्या पायरीवर उभा राहून देऊ लागला की कृपेच्या जागी उपकार येतो, आणि उपकाराखाली वाकलेल्या माणसाच्या वाट्याला प्रेमाऐवजी ओझेच येते.

मराठवाड्यात या भेदाची कसोटी पाण्यावर लागते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण आटले, पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन भांडणे पेटू नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि 12 एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांची पहिली पाणीगाडी सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन शहरात पोहोचली. तहानलेल्याला दिलेला गार पाण्याचा पेलाही देवाघरी वाया जात नाही, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले आश्वासन ज्यांनी त्या दिवसांत घागरीमागे घागर मोजली त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही पाण्याविषयीची येशूची सर्वांत धाडसी कृती पाणी देण्याची नसून मागण्याची आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात भर दुपारी, प्रवासाने थकलेला येशू शोमरोनातील सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि पाणी भरायला आलेल्या स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो. यहुदी आणि शोमरोनी यांचे पूर्वज एक असले, तरी उपासनेच्या स्थानावरून आणि वंशशुद्धीच्या कल्पनेवरून त्यांच्यात इतके वैर माजले होते की यहुदी माणसाने शोमरोनी स्त्रीच्या भांड्यातून पाणी पिणे विटाळाचे ठरे. म्हणूनच ती चकित होते. येशूजवळ पोहरा नाही, तो खरोखरच तिच्यावर अवलंबून आहे, आणि जिवंत पाण्याची, म्हणजे देवाकडून मिळणाऱ्या नव्या जीवनाची, गोष्ट तो या मागणीनंतरच काढतो. कृपा येथे गरजवंत होऊन येते, आणि जिच्या हातचे पाणी चालत नाही असे सगळे मानतात, तिलाच दात्री ठरवते.

ज्या प्रदेशात आडावर आणि पाणवठ्यावर जात पाहिली गेली, तेथे या प्रसंगाचा अर्थ पुस्तकी राहत नाही. मराठवाड्यातील अनेक ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज पाणवठ्यापासून दूर ठेवलेल्या महार-मांग समाजांतून आले, आणि बाप्तिस्म्याने त्यांना मिळालेली मोठी गोष्ट म्हणजे देवासमोर ताठ मानेने उभे राहण्याचा हक्क. तो हक्क मिळालेल्या मंडळीतच जर सोयरीक जुळवताना जुनी जात चाचपली जात असेल, किंवा एखाद्या घरचा चहा काहीतरी निमित्त काढून टाळला जात असेल, तर कृपेवरचे उत्तमोत्तम प्रवचनही त्या घरच्या माणसाला पोकळ वाटेल, आणि त्याचे ते वाटणे बरोबर असेल.

दूर ठेवलेल्यालाच दाता करण्याचे काम प्रत्यक्षात कसे होते, ते मराठवाड्याशेजारच्या जामखेडला पाहता येते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दाम्पत्याने 1970 मध्ये तेथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुष्काळात गावोगावी विंधनविहिरी घेताना हापसा दलित वस्तीत बसेल अशी काळजी त्यांनी घेतली, त्यामुळे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या त्या वस्तीला पाण्यापासून अडवले होते, त्यांनाच घागर घेऊन तिकडे जावे लागले. औषधोपचारात ज्यांना सहसा केवळ लाभार्थी मानले जाते, अशा कमी शिकलेल्या, अनेकदा दलित स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी गावाच्या आरोग्यसेविका केले. सवर्ण घरातील बाळंतिणीनेही या सेविकांचा सल्ला मानू लागावे, हा बदल भाषणांनी झाला नसता. दानाची दिशा उलटी फिरवणे, हीच या कामाची खरी धर्मशास्त्रीय खोली आहे, आणि प्रकल्पाच्या वैद्यकीय यशाच्या कौतुकात तिच्याकडे कमी लक्ष गेले आहे.

पाण्याचे तेच जेवणाचे. नांदेडच्या वाचकाला एका पंगतीचे मोल सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमुळे ठाऊक आहे. तेथे कोण कोणाशेजारी बसला हे विचारले जात नाही. ख्रिस्ती मंडळीतही प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या मरणाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी, याच अर्थाचा आहे, आणि करिंथच्या मंडळीत सधन लोक गरिबांची वाट न पाहता आधीच जेवून घेऊ लागले तेव्हा पौलाने त्यांना फार कडक शब्दांत सुनावले होते. त्यामुळे नाताळच्या प्रीतिभोजनात, म्हणजे मंडळीच्या सामुदायिक जेवणात, कोणी किती वर्गणी दिली यापेक्षा भाकरी कोणाच्या घरून मागवल्या हे अधिक विचारण्यासारखे आहे. घरोघरच्या प्रार्थनासभा ठरवताना पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मसेवकांनी, सर्वांत गरीब घर टाळण्यामागे बहुधा दयाच असते, कारण त्या घराला खर्चात पाडू नये असे त्यांना वाटते. पण त्या दयेने त्या घराचा पाहुणचार करण्याचा मान हिरावला जातो. शोमरोनी लोकांनी आग्रह केला तेव्हा येशू त्यांच्या गावात दोन दिवस राहिला, असे योहान सांगतो. त्या दोन दिवसांत तो कोणाच्या घरी जेवला आणि कोणाच्या घागरीचे पाणी प्याला, याचा विचार प्रवचनांतून फारसा होत नाही, आणि तो व्हायला हवा.