फटक्यांची नोंद

सुट्टीतल्या खेळाला नीतीच्या तराजूत घालावे काय, असे कोणी विचारले तर बहुतेक वाचक हसतील. खेळ म्हणजे विसावा. तेथे बऱ्यावाईटाचा काथ्याकूट कशाला, असे त्यांना वाटेल. तरीही एक अगदी निरुपद्रवी खेळ घेऊन हा प्रश्न तपासून पाहण्याजोगा आहे; कारण त्या खेळात आईबापांपुढे एक लहानसा मोह उभा राहतो आणि त्या मोहाला आपण बहुधा प्रेम असे नाव देतो.

मे महिन्यात रत्नागिरीच्या घराघरांतून नातवंडांचा गलबला ऐकू येतो. कोणी मुंबई-वसईहून आलेले, कोणी आखातातून, कोणी थेट अमेरिकेतून. मांडवीचा किनारा, भाट्याची पुळण, रत्नदुर्गावरचा वारा यांत दिवस सरतात आणि रात्री तिकडच्या गोष्टी निघतात. त्यांत एका खेळाचे नाव आता आपल्या कानी पडू लागले आहे : साहसी थाटाचा मिनी गोल्फ. लहानशा आवारात हिरव्या गालिच्याच्या अरुंद वाटा, बहुधा अठरा. वाटेवर सिमेंटच्या गुहा, यंत्राने चालणारे धबधबे, मोडक्या गलबताचा सांगाडा आणि डोळ्यावर पट्टी बांधलेले चाच्यांचे पुतळे. हातातल्या काठीने चेंडू हलकेच ढकलीत वाटेच्या टोकाशी असलेल्या खळग्यात घालायचा. सर्वांत कमी फटक्यांत जो सारे खळगे पुरे करील तो जिंकला. आरंभी प्रत्येक कुटुंबाच्या हाती एक कागद आणि पेन्सिलीचा तुकडा देतात. फटके ज्याचे त्याने मोजायचे.

या खेळाचा वंश जुना आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १८६७ साली केवळ हलक्या फटक्यांचा गोल्फ खेळण्यासाठी स्त्रियांचे एक मंडळ निघाले. पुढे अमेरिकेत गार्नेट कार्टर यांनी लुकआउट पर्वतावरील आपल्या हॉटेलच्या आवारात १९२० च्या दशकात 'टॉम थंब' नावाचे मैदान तयार केले आणि १९३० च्या सुमारास त्या देशात या खेळाची लाटच आली. चाचे, गुहा आणि गलबते हा थाट नंतर आला.

रत्नागिरीच्या माणसाने त्या चाच्यांच्या पुतळ्यांपुढे क्षणभर थबकावे. १७२९ साली निधन पावलेले कान्होजी आंग्रे हे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा दस्तक घ्यावा, हा त्यांचा आग्रह. इंग्रज कंपनीने मात्र आपल्या कागदोपत्री त्यांना चाचाच ठरविले. लेखणी ज्याच्या हाती असते त्याला नोंद आपल्या सोयीची करण्याचा मोह होतो, याचा हा मोठा दाखला. पेन्सिलीच्या तुकड्याचा मोह त्यामानाने फारच लहान. पण त्याची जात निराळी नाही.

या खेळात साहस म्हणून जे मांडलेले असते ते सारे लटके असते. गुहेत अंधार नसतो, गलबत बुडत नाही, धबधब्याचे पाणी घोट्याच्या वर येत नाही. त्यात गैर काही नाही. मात्र त्या लटक्या जगात एक गोष्ट पूर्ण खरी असते, आणि ती म्हणजे फटक्यांची संख्या. सहा वर्षांची मुलगी एका खळग्यापाशी सात वेळा चेंडू ढकलते. तिचा थोरला भाऊ तिघांतच मोकळा झालेला असतो. तिचे ओठ थरथरू लागतात. पेन्सिल वडिलांच्या हाती असते. ते हसून तिच्या नावापुढे चार लिहितात. यात कोणाचे काय बिघडले?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वडिलांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मूल लहान आहे. खेळ बक्षिसाचा नाही. एका आकड्यासाठी कुटुंबाची संध्याकाळ नासवणारा बाप कोणाला आवडेल? संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात खेळाचा विचार केला आहे. धनुष्य सतत ताणून ठेवले तर मोडते, तसेच मनाचे आहे, ही संत योहानाविषयीची जुनी कथा ते तेथे सांगतात. आणि स्वतः कधी न हसणारा, दुसऱ्याच्या हसण्यावर विरजण घालणारा माणूसही दोषी असे ते मानतात. तेव्हा पोरीचा प्रत्येक फटका सावकाराच्या चोखपणाने मोजून तो चारचौघांत वाचून दाखविणारा बाप सत्यवादी असेल, पण तो खेळाचे प्रयोजनच विसरला, असे म्हणावे लागेल.

दुसरी बाजू पाहण्यासाठी आपल्याच अंगणातले खेळ आठवावेत. विटीदांडूत विटी दूर गेली की मारणारा दांडूंचा अंदाज सांगतो. प्रतिपक्षाला शंका आली तर दांडू टाकून अंतर मोजतात, आणि मागणी जास्त ठरली तर मागणारा बाद. हाव तिथल्या तिथे उघडी पडते. कोकणात काजूच्या दिवसांत मुले बियांनी खेळतात. मांडलेल्या बिया नेम धरून उडवायच्या, ज्या उडतील त्या आपल्या. तेथेही दहा डोळे पहारा करीत असतात. या खेळांत प्रामाणिकपणाचा राखणदार बाहेर उभा असतो. गोल्फमध्ये तो आत असावा लागतो. १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स यांचा चेंडू फटक्यापूर्वी किंचित हलला. दुसऱ्या कोणाच्याही ते दृष्टीस पडले नव्हते. जोन्स यांनी आपल्या नावावर दंडाचा एक फटका लावून घेतला. फेऱ्यांअखेर त्यांची विली मॅकफार्लेन यांच्याशी बरोबरी झाली आणि फेरलढतीत ते हरले. तो एक फटका न लावता तर विजेतेपद त्यांचे होते. गोल्फच्या स्पर्धेतला एक नियमही ध्यानात घेण्यासारखा आहे. नोंदीत फटके प्रत्यक्षापेक्षा जास्त लिहिले गेले तर तो आकडा तसाच कायम राहतो. कमी लिहिले गेले तर खेळाडू सामान्यतः स्पर्धेतून बाद होतो. आपल्या तोट्याची चूक आणि आपल्या फायद्याची चूक यांना हा खेळ एका मापाने मोजत नाही.

मग त्या सहा वर्षांच्या मुलीला जोन्स यांचा कायदा लावायचा काय? मराठी मुलांनी याचे उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. कोणत्याही खेळात धाकटे भावंड मागे लागले की त्याला 'कच्चा लिंबू' म्हणून घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, आणि हे सर्वांना ठाऊक असते. त्यालाही ठाऊक असते. गोल्फमध्ये 'हॅंडिकॅप' म्हणून जी सवलत देतात तिचे तत्त्व हेच : दुबळ्या खेळाडूला किती फटके सोडायचे ते आधीच, उघडपणे ठरते. मिनी गोल्फच्या स्पर्धांतही सहा फटक्यांत चेंडू खळग्यात पडला नाही तर सात लिहून पुढे जायचे असते. कोणाचीही फरफट अंतापर्यंत चालत नाही. म्हणजे दयेला नियमात जागा आहे. ती नोंद खोटी करूनच दाखवावी लागते असे नाही.

येथे दोन गोष्टी वेगळ्या होतात. खेळापूर्वी दिलेली सवलत ही दया आहे. खेळानंतर गुपचूप बदललेला आकडा हे असत्य आहे, मग हेतू कितीही गोड असो. दोहोंचा मुलाच्या मनावर होणारा परिणामही निरनिराळा. कच्च्या लिंबाला कळते की, मी लहान आहे, तरी मला खेळात घेतले आहे. जिच्या सातांचे चार झाले तिला, तिने मोजले असेल तर, आणि मुले बहुधा मोजतात, दुसरेच काही कळते : माझे सात बाबांना सोसले नाहीत; मी सातांची असले तर चालत नाही. आणि थोरल्या भावाला तिसरेच कळते : खरे तीन आणि खोटे चार यांत घरात फारसा फरक करीत नाहीत. पुढे शाळेच्या प्रगतिपुस्तकापाशी, उत्पन्नाच्या दाखल्यापाशी हीच मुले पेन्सिल हाती घेतील, तेव्हा आपण त्यांना कोणत्या तोंडाने अडवावे?

लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधने'त आत्मपरीक्षणाची एक साधी रीत सांगितली आहे. एखादा दोष निवडावा, तो जितक्या वेळा घडेल तितके ठिपके कागदावरच्या रेषेवर मांडावेत, आणि सकाळ-सायंकाळची, आज-उद्याची तुलना करावी. या रीतीत ठिपके जास्त पडल्याबद्दल शिक्षा नाही. पण ठिपके खोटे पडले तर तुलनाच उरत नाही, आणि तुलना नाही तर सुधारणाही नाही. त्या मुलीचे आजचे सात खरे लिहिले तरच पुढल्या सुट्टीतले पाच हा तिचा विजय ठरेल. आज चार लिहून आपण तिचा तो भावी आनंद आधीच खर्च करून टाकतो.

हे शिकण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. सारवलेल्या खळ्यात नारळाच्या करवंट्या जमिनीबरोबर पुरून नऊ खळगे करता येतात. जांभ्या दगडांचे दोन तुकडे म्हणजे खिंड, पोफळीची अर्धी चिरलेली नळी म्हणजे पूल. आजोबांची जुनी काठी आहेच. खेळाला आरंभ करण्यापूर्वी मात्र सर्वांनी एकत्र बसून ठरवावे : कच्चा लिंबू कोण, त्याला किती फटके माफ, कितीपाशी थांबायचे. एकदा हे ठरले की कागदावर खरे तेच लिहावे. सर्वांत मोठा आकडा धाकटीचा आला तर तो लपवू नये. तिला खांद्यावर घ्यावे. आणि शक्य असेल तर पेन्सिल तिच्याच हाती द्यावी. तिला सातचा आकडा काढता येत नसेल तर आजीने हात धरून काढून घ्यावा.