चिखलाआधीची चकाकी

1/35 मापाच्या रणगाड्यावर चिखल आणि गंज चढवायचा असेल, तर आधी तो चकचकीत करावा लागतो. या छंदाबाहेरच्या माणसाला हे उफराटं वाटतं.

कारण साधं आहे. मॅट रंग सपाट दिसला तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. त्यावर पातळ केलेला तेलरंग, म्हणजे वॉश, सोडला की तो टिपकागदावरच्या शाईसारखा पसरतो आणि डाग निघत नाही. ॲक्रिलिक ग्लॉस वॉर्निशचे पातळ हात देऊन ते नीट वाळू दिलं, की तोच वॉश पत्र्यांच्या सांध्यांतून आपोआप धावतो. जास्तीचा व्हाइट स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसता येतो. मात्र थर गुळगुळीतच हवा. एअरब्रश फार लांब धरला तर वॉर्निश हवेतच सुकून कणीदार बसतं. पाव मिलिमीटरचा कण या मापात जवळपास नऊ मिलिमीटरचा होतो, म्हणजे चिलखतावर हरभरा चिकटल्यासारखा. (आपल्याकडे भर पावसाळ्यात लॅकर मारूच नये, पांढुरकं पडतं.) सगळं झालं की वरून मॅटचा हात फिरतो आणि चकाकी दिसेनाशी होते.

जे घडलंच नाही त्याची झीज रंगवणं ही लबाडी आहे, असा आक्षेप घेतला जातो. मला तो फारसा वजनदार वाटत नाही. नाटकात म्हाताऱ्याचा मेकअप केलेल्या तरुण नटाला आपण खोटारडा म्हणत नाही. अडचण दुसरीकडे आहे, त्या पुसता येण्यात. मॅटवर पडलेल्या डागाबद्दल ‘पसरला’ म्हणून सुटता येतं. ग्लॉसवर जो डाग उरतो, तो कुणीतरी पाहून, ठरवून ठेवलेला असतो. त्यामुळे तो का ठेवला, हे विचारता येतं.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात 1965 च्या युद्धात ताब्यात घेतलेला पाकिस्तानी पॅटन आहे. खरी लढाई पाहिलेली अशी वाहनं संग्रहालयांत सहसा रंगरंगोटी करून उभी असतात, आणि कधी टेबलावरून न हललेलं प्लास्टिक चिखलाने माखलेलं असतं. दोन्हीकडे निवड माणसाचीच. धूळ, डिझेलचे ओघळ, बुटांनी घासलेल्या कडा यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती वापराची खूण आहे, कुणी तिथे राबलं एवढंच ती सांगते. पण बुरुजाला बारीक ड्रिलने गोळ्याचं भोक पाडून त्याखाली गंजाचा देखणा ओघळ सोडणारे हात पाहिले की मी थबकतो. एम 48 पॅटनमध्ये चार माणसं बसत. त्यांतले तिघे बुरुजात. ओघळ डावीकडे थोडा जड झाला, म्हणून काडी फिरते. तोल साधतो, आणि फोटो काढला जातो.