तिला विचारा

वयस्कर माणूस गेलं की भेटायला येणारे हमखास म्हणतात, "पिकलं पान होतं, सोनं झालं." हेतू चांगलाच असतो. पण जिने त्या माणसाबरोबर पन्नास-साठ वर्षं संसार केला, तिच्या कानावर हे शब्द पडतात तेव्हा तिने काय करायचं? नवऱ्याचं वय झालं होतं म्हणून तिने कमी रडायचं का?

कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारणारे बाबा आमटे 9 फेब्रुवारी 2008 रोजी तिथेच, आनंदवनात गेले. वय 93. दहन न करता त्यांना तिथल्याच मातीत पुरलं. आनंदवन, भारत जोडो यात्रा, नर्मदा आंदोलन, मॅगसेसे पुरस्कार हे सगळं त्या दिवसांत पुन्हा लिहिलं, बोललं गेलं आणि ते व्हायलाच हवं होतं. मला मात्र बाबांची आठवण आली की आधी त्यांच्या पत्नी साधनाताई आठवतात.

त्या माहेरच्या इंदू घुले. घरात लग्नाची धांदल चालू असताना ही मुलगी गुपचूप म्हाताऱ्या मोलकरणीच्या कामाला हात लावते, हे बाबांनी पाहिलं आणि त्यांचं मन तिथेच ठरलं. 1946 साली लग्न झालं. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही मुलगी पुढे दोन लहान मुलं घेऊन वरोड्याजवळच्या माळरानावर राहायला गेली; तेच पुढे आनंदवन झालं. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि जवळ 14 रुपये. पाठीच्या दुखण्याने बाबांना पुढे बसणंच अशक्य झालं; एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. तशा अवस्थेत 1990 मध्ये ते आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले, तेव्हाही साधनाताई बरोबर होत्याच. अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नव्हतं. 'समिधा' हे साधनाताईंचं आत्मकथन वाचलं की बाबा नवरा म्हणून, बाप म्हणून कसे होते, ते कळतं. कुठल्याही मानपत्रात हे सापडणार नाही.

मुलांकडेही बाप वेगवेगळ्या वाटांनी उरतो. विकास आमटे यांनी आनंदवन सांभाळलं. प्रकाश आमटे शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण सोडून आदिवासींसाठी काम करायला हेमलकशाच्या जंगलात गेले. त्यांचा आणि बाबांचा वाढदिवस एकच, 26 डिसेंबर. बाप गेल्यावर मुलाचा प्रत्येक वाढदिवस हा बापाच्या जयंतीचाही दिवस होतो. त्या दिवशी या मुलाच्या मनात काय येत असेल, याचा विचार मी अनेकदा करते. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी मंदाताई यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही बाबा गेले त्याच वर्षी. साधनाताई त्यानंतर तीन वर्षांनी, 2011 च्या जुलैत गेल्या.

आपल्या घरातले वडील बाबा आमटे नसतात. त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहीत नाही. दिवसकार्य उरकतं, फोटोला हार चढतो, पेन्शनचे कागद होतात आणि घर हळूहळू त्यांच्याबद्दल बोलेनासं होतं. आईसमोर तर विषयच नको, उगाच तिच्या डोळ्यांत पाणी येईल, असं मुलं ठरवून टाकतात. मला हे बरोबर वाटत नाही. तरुणपणी ते कसे हसायचे, कशावर चिडायचे, पहिल्या पगारातून त्यांनी काय आणलं, तिच्या आजारपणात रात्र रात्र कोण बसलं, हे आता एकट्या तिला माहीत आहे. ते सांगताना ती रडेल. रडू द्या. मधेच हसेलही. तिच्या नवऱ्याचं नाव घरात पुन्हा मोकळेपणी उच्चारलं जातंय, एवढ्यानेही तिला बरं वाटेल.

तुमचे वडील गेले असतील आणि आई असेल, तर आज संध्याकाळी टीव्ही बंद करून तिच्याजवळ बसा आणि विचारा, "आई, बाबांना तू पहिल्यांदा कुठे पाहिलंस?"