नावेतील अग्नी आणि उबेचे ऋण

थंडीच्या महिन्यांत नाव उबदार कशी ठेवावी, हा प्रश्न वरवर पाहता लाकूड, कोळसा आणि धुराडे यांचा, म्हणजे निव्वळ सोयीचा वाटतो. परंतु जी वस्ती लाकडाची आहे, पाण्याने वेढलेली आहे आणि जिच्या छपराखाली सर्वांना एकाच हवेत श्वास घ्यावा लागतो, तिच्यात अग्नी पेटवावा की पेटवू नये, पेटविलाच तर तो कोणासाठी आणि त्याचे पाप वा पुण्य कोणाच्या पदरी, असे विचारू लागताच तो प्रश्न धर्मविचाराच्या प्रांतात येतो. भारतीय परंपरांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे आणि तो आजही शिळा झालेला नाही.

हैदराबादेतील नामपल्लीशी या विषयाचा संबंध प्रथमदर्शनी दिसत नाही, कारण तेथील हिवाळा सौम्य असतो. तथापि १९३८ पासून भरत आलेले ‘नुमाइश’ हे प्रदर्शन नामपल्लीच्या मैदानावर ऐन जानेवारीत सुरू होते आणि काचीगुडा, सुलतान बाजार या भागांतील जुनी मराठी कुटुंबेही तेथे काश्मिरी दुकानांतून शाली व लोकरी कपडे घेतात. काश्मीरच्या ज्या खोऱ्यातून या शाली येतात, त्याच खोऱ्यात पाण्यावर राहणाऱ्या माणसांना थंडीशी झुंजावे लागते. म्हणून नामपल्लीत विकली जाणारी ऊब आणि दल सरोवरावर पेटविली जाणारी ऊब यांचा विचार एकत्र करणे सयुक्तिक ठरते.

काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’, म्हणजे मोठ्या थंडीचे चाळीस दिवस, म्हणतात. या काळात सरोवराचे पाणी गोठू लागते. देवदाराच्या लाकडाची हाउसबोट गरम करण्यासाठी बुखारी, म्हणजे धुराडे असलेली पत्र्याची शेगडी, वापरली जाते. आणि अंगाजवळच्या उबेसाठी कांगडी असते, म्हणजे वेताच्या विणीत बसविलेले, निखाऱ्यांनी भरलेले मातीचे भांडे, जे फेरन नावाच्या सैल अंगरख्याच्या आत धरतात. कांगडीची ऊब सुखाची असली तरी निरुपद्रवी नाही: वर्षानुवर्षे तिची धग लागल्याने पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेला होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ मध्येच केली होती. बंदिस्त खोलीतील कोळशाचा धोका तर याहून मोठा आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जुळत असल्यामुळे झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. थंडी आत येऊ नये म्हणून जी फट बुजविली जाते, तिच्यातूनच जीव तगविणारी हवा येत असते. लाकडी वस्तीत आगीचे भय वेगळेच. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी दल सरोवरावर लागलेल्या आगीत अनेक हाउसबोटी जळाल्या आणि तीन बांगलादेशी पर्यटक मरण पावले.

जैन आचारशास्त्रात या प्रश्नाचे सर्वांत कठोर रूप आढळते. त्या मतानुसार पाणी आणि अग्नी ही केवळ जड द्रव्ये नव्हेत. पाणी हेच ज्यांचे शरीर ते ‘अप्काय’ आणि अग्नी हेच ज्यांचे शरीर ते ‘तेजस्काय’ जीव होत. त्यामुळे अग्नी पेटविणे व विझविणे या दोन्ही कृतींत हिंसा घडते. मात्र भगवतीसूत्र या जैन ग्रंथात कालोदायी नावाच्या जिज्ञासूने महावीरांना विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात पेटविणाऱ्याचा दोष अधिक मानला आहे, कारण पेटलेला अग्नी माती, पाणी, वनस्पती आणि हालचाल करणारे जीव या सर्वांना पोळतो. आचारांगसूत्र या दुसऱ्या जैन ग्रंथात थंडीने कापणाऱ्या श्रमणाचा, म्हणजे साधूचा, प्रसंग येतो. त्याला पाहून एका गृहस्थाला शंका येते की हा कामविकाराने तर कापत नसेल. श्रमण सांगतो की त्याला थंडी सोसवत नाही, परंतु अग्नी पेटविणे किंवा दुसऱ्याकडून पेटवून घेणे त्याला कल्पत नाही. गृहस्थाने आपण होऊन अग्नी पेटविला, तरी त्याने ती ऊब घ्यायची नसते.

या प्रसंगातील मर्म ‘दुसऱ्याकडून’ या अटीत आहे. जैन विचारात कर्म तीन प्रकारांनी लागते: स्वतः करणे, करविणे आणि दुसऱ्याने केलेल्याला अनुमोदन देणे. हाउसबोटीत उतरणारा प्रवासी काडी ओढत नाही. बुखारी पेटविणारे, रात्री तिच्यात लाकूड घालणारे आणि पहाटे राख काढणारे हात नावेच्या मालकाच्या कुटुंबातील असतात, आणि ते कुटुंब बहुधा मागे बांधलेल्या साध्या डूंग्यात, म्हणजे राहत्या नावेत, झोपते. भाड्याच्या रकमेत ऊब धरलेली असते. परंतु पैसे दिल्याने ऊब विकत मिळते, तिचे उत्तरदायित्व विकत देता येत नाही, हा जैन विश्लेषणाचा निष्कर्ष आधुनिक माणसाला टाळता येण्यासारखा नाही.

त्याच आचारांगाच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात, म्हणजे दुसऱ्या खंडात, नौकाप्रवासाचे नियम आहेत. साधूने नावेतून नदी ओलांडणे निषिद्ध नाही. मात्र त्याने नाव ओढू नये, वल्हवू नये, आत शिरलेले पाणी उपसण्यास सांगितले तरी ते उपसू नये. येथे गृहस्थाच्या मनाने थांबणे आवश्यक आहे. ज्या नावेत मुले आणि म्हातारी माणसे बसलेली आहेत, तिच्यातील पाणी न उपसणारी अनासक्ती ही सर्वस्व सोडलेल्याची अनासक्ती आहे. तिच्यापुढे नतमस्तक व्हावे, पण ती सर्वांसाठी नियम म्हणून स्वीकारता येत नाही. साधू स्वतःच्या देहाबाबत जे सोसतो, ते दुसऱ्याच्या देहाबाबत सोसण्याचा अधिकार कोणालाच नाही.

बौद्ध विनयाने, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेने, नेमकी हीच जागा मोकळी ठेवली आहे. भग्गांच्या देशात हिवाळ्यात काही भिक्षूंनी पोकळ ओंडका पेटवून शेकायला सुरुवात केली, तेव्हा ढोलीतला काळा साप धगीने बाहेर येऊन त्यांच्या अंगावर धावला. त्यावरून शेकण्यासाठी अग्नी पेटविणे हा दोष ठरविण्यात आला. नियमात मात्र आजारी भिक्षूचा अपवाद आहे, आणि ‘जंताघर’ म्हणजे घाम काढण्याचे उष्ण स्नानगृहही विनयाने मान्य केले आहे. ओंडक्यात कोणाचे घर आहे हे न पाहता पेटविलेली ऊब दोषाची. रुग्णासाठी पेटविलेली ऊब दोषाची नव्हे.

वैदिक परंपरेत अग्नी आणि नाव यांचा संबंध उलट्या बाजूने येतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील नव्याण्णवाव्या सूक्तात, जे दुर्गासूक्ताच्या आरंभी अनेक मराठी घरांत म्हटले जाते, अग्नीला संकटांपलीकडे नेणाऱ्या नावेची उपमा दिली आहे. महाभारतातील और्व ऋषीच्या कथेत मात्र पितरांच्या विनंतीवरून और्व आपला जग जाळू पाहणारा क्रोधाग्नी समुद्रात सोडतो आणि हा अग्नी तेथे घोडीच्या मुखाच्या रूपाने पाणी पीत राहतो. तारणारा अग्नी आणि आवरून ठेवावा लागणारा अग्नी असे दोन वेगळे अग्नी या परंपरेने मानले नाहीत; त्याला कोठे आणि किती जागा दिली जाते, यावर त्याचे रूप ठरते.

अग्नी आणि आवरण हा भेदही महत्त्वाचा आहे. आचारांगाने अग्नी नाकारला, तरी काही साधूंना हिवाळ्यात तीन वस्त्रे अनुज्ञात केली आणि हिवाळा सरताच ती टाकण्यास सांगितले. वस्त्र नवी उष्णता निर्माण करीत नाही. देहाची उष्णता देहापाशी राखते. परंतु आवरणही आपोआप निर्दोष ठरत नाही. पश्मिना ही लडाखमधील चांगथांगच्या शेळ्यांच्या अंगावरून वसंतात विंचरून काढलेली लोकर आहे, तर शहातूश मिळविण्यासाठी चिरू हे हरीण मारावे लागते, आणि म्हणूनच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार बंद केला. जेथे हे आवरण विकले जाते, त्या नामपल्लीच्या मैदानानेही अग्नीचे दुसरे रूप पाहिले आहे: ३० जानेवारी २०१९ च्या रात्री नुमाइशला मोठी आग लागून अनेक दुकाने मालासह खाक झाली.

याच नामपल्लीत यूसुफ आणि शरीफ या दोन सूफींचा यूसुफैन दर्गा आहे. १६८७ च्या गोवळकोंड्याच्या वेढ्यात हे दोघे औरंगजेबाच्या सैन्यात होते आणि वादळाने छावणीतील तंबू उडाले व दिवे विझले, तरी त्यांच्या तंबूतील दिवा कुराणपठण चालू असताना तेवत राहिला, अशी कथा सांगितली जाते. दर्ग्यापाशी आणि रेल्वे स्थानकाबाहेर उघड्यावर झोपणाऱ्यांना जानेवारीच्या पहाटे कागद व काटक्या पेटवून शेकावे लागते. त्यांच्या त्या जाळात दोष शोधणाऱ्याने विनयातील आजाऱ्याचा अपवाद आधी वाचावा. आणि आचारांगातील तो गृहस्थही आठवावा, ज्याच्या मनात प्रथम शंका आली, पण समोरचा माणूस थंडीने कापतो आहे हे कळल्यावर ज्याचा हात अग्नीकडे गेला. श्रमणाचा नकार श्रमणापुरता योग्य होता, आणि गृहस्थाने अग्नी पुढे करणे हेही गृहस्थापुरते योग्यच होते.