ठरलेली किंमत आणि योग्य किंमत

लग्नाचा बस्ता बांधणे हा घरातील आनंदाचा प्रसंग असतो. त्या आनंदामागे हिशेबाची एक वहीही असते. ताईचे लग्न ठरले तेव्हा बाबांनी ती वही माझ्या हाती दिली. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. आकडे जुळवणे मला आवडते, आणि खरे सांगायचे तर घासाघीस करणे त्याहून अधिक आवडते. त्या वहीतील एका ओळीने मला जो प्रश्न विचारला, तो आज आपणा सर्वांसमोर ठेवावासा वाटतो.

ताईची एकच इच्छा होती. बाकी काहीही कमी-जास्त होवो, लग्नात पैठणी हवी आणि ती हातमागावरचीच हवी. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी बाजारात यंत्रमागावरच्या साड्याही याच नावाने सर्रास विकल्या जातात. ओळखण्याची खूण सोपी आहे. हातमागावरच्या पैठणीच्या पदरातील मोर, पोपट आणि कमळे रंगीत धागे हाताने गुंफून विणलेली असतात, म्हणून पदराची उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. यंत्रावर विणलेल्या पदराच्या मागे सुटे धागे दिसतात. फसगत नको म्हणून आम्ही नाशिकहून थेट येवल्याला, एका विणकराच्या घरी गेलो.

पुढच्या खोलीत माग होता. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून काका विणत होते. शेजारी काकू रेशमाच्या छोट्या कांड्या भरत होत्या. मागावर नुकतीच जांभळ्या रंगाची साडी चढली होती. ताईने ती पाहताक्षणी पसंत केली. काकांनी किंमत सांगितली, १८,००० रुपये.

मी कामाला लागलो. मोबाइलवर दुसऱ्या साड्यांच्या किमती दाखवल्या. "एवढ्या पैशांत तर दोन येतील," म्हणालो. एकदा उठून दारापर्यंतही गेलो. काका शांतपणे सांगत होते, "भाऊ, रेशीम कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून. रंगाईसकट नुसत्या मालाचेच आठ हजार जातात." मी ते ऐकले आणि बोलत राहिलो. काकूंनी चहा आणेपर्यंत सौदा १५,००० वर ठरला. ५,००० रुपये आगाऊ दिले. साडी वीस दिवसांनी न्यायची होती. परतताना बाबांनी माझी पाठ थोपटली. त्यांनी लग्नासाठी पतसंस्थेतून कर्ज काढले होते. त्यांचे ३,००० रुपये वाचले, याचा मलाही अभिमान वाटला.

त्याच आठवड्यात सेवेचा भाग म्हणून मी एका लेखाचे भाषांतर करत होतो. त्यात पतंजलींच्या योगसूत्रांतील यमांचा उल्लेख होता. 'अस्तेय' या शब्दापुढे मी सवयीने 'चोरी न करणे' असे लिहिले. तेवढ्यात मनात आले, हा यम पाळणे तर सर्वांत सोपे. आपण कुठे कुणाच्या घरी चोरी करतो? असे वाटले आणि मला येवल्याची ती खोली आठवली.

मी लग्नाची वही उघडली. महाविद्यालयात शिकवतात तसे त्या साडीचे खर्चपत्रक मांडले. माल ८,००० रुपये. सांगितलेली किंमत १८,००० रुपये. म्हणजे मजुरीला १०,००० उरत होते. वीस दिवस, दोन माणसे. दिवसाला दोघांना मिळून ५०० रुपये. आता माझा सौदा. माल तरीही ८,००० चाच, कारण रेशमाचा भाव मी कमी करू शकत नव्हतो, जरीचाही नाही. ते भाव कुठे दुसरीकडेच ठरतात. मजुरीला उरले ७,०००. दिवसाला दोघांना ३५०, म्हणजे एकाला १७५ रुपये. मागाची डागडुजी आणि दिव्याचे बिल मी धरलेच नव्हते.

मला वाटले होते, मी साडीची किंमत कमी केली. प्रत्यक्षात मी साडीची नव्हे, दोन माणसांच्या दिवसांची किंमत कमी केली होती. त्या पत्रकात कमी होऊ शकणारी ओळ एकच होती, आणि तीच मी पकडली होती.

यावर माझ्यातला वाणिज्याचा विद्यार्थी लगेच उभा राहिला. तो म्हणाला, यात चोरी कसली? कुणी जबरदस्ती केली नाही. दोघांच्या संमतीने ठरते तीच किंमत. हा युक्तिवाद खोटा नाही, पण अपुरा आहे. माझा होकार आणि काकांचा होकार एकाच तोलाचे नव्हते. मला सौदा पटला नसता तर मी शेजारच्या घरी गेलो असतो. काकांचे ८,००० रुपये मागावर ताणलेले होते. गिऱ्हाईक दारातून परत गेले, तर ते पैसे आणखी काही दिवस अडकून पडणार होते. ज्याला 'नाही' म्हणणे परवडत नाही, त्याच्या 'हो'चा आधार घेऊन आपण निश्चिंत कसे राहणार?

दुसरी गोष्ट मला अधिक टोचली. मोबाइलवर मी दाखवलेल्या किमती यंत्रमागावरच्या साड्यांच्या होत्या, आणि ते मला ठाऊक होते. आम्ही येवल्याला गेलो होतो ते हाताचे काम हवे म्हणून, आणि किंमत मागत होतो यंत्राची. काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ पासून आहे. तो कायदा यंत्रमागवाल्याला अडवू शकेल. माझ्या जिभेला अडवण्याचे काम माझ्याच विवेकाचे होते, आणि त्या दिवशी तो झोपला होता. अस्तेयाआधी सत्यच सुटले होते.

मग घासाघीस करूच नये का? तसे मला वाटत नाही. भाव होणार हे धरूनच जिथे किंमत वाढवून सांगतात, तिथे भाव करणे हा दोघांनाही माहीत असलेला व्यवहार आहे. भाजीच्या गाडीवर आणि मोठ्या दुकानात एकच नियम लावता येत नाही. म्हणून मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठरवली. भाव पाडण्याआधी विचारायचे: ही कपात नेमकी कुठून जाणार? नफ्यातून जात असेल तर बोलावे. कुणाच्या ताटातून जात असेल तर थांबावे.

पण कसोटी सुचली म्हणून पैसे येत नाहीत. ते ३,००० रुपये बाबांच्या कर्जातूनच जाणार होते. एकाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे हाही न्याय नव्हे. मी सगळे ताईला सांगितले. तिने वही ओढून घेतली आणि मानपानाच्या साड्यांच्या यादीवर बोट ठेवले. बावीस साड्या, प्रत्येकी ६०० रुपये. मग तिने आईचे कपाट उघडले. आमच्याकडे आलेल्या आहेराच्या साड्यांचा गठ्ठा तिथे होता. काहींवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती. त्या कुणी नेसत नाही. एका लग्नातून येतात आणि दुसऱ्या लग्नात जातात. ज्यांनी त्या घेतल्या त्यांनाही आवडल्या नसाव्यात.

"यातल्या पाच कमी करू," ताई म्हणाली.

आई रागावली. "लोकांसमोर मला खाली बघायला लावणार का? तुझ्या आत्याला काय सांगू?" हा राग मी हसण्यावारी नेणार नाही. आईने आयुष्यभर नाती जपली आहेत, आणि तिच्या पिढीत ती जपण्याची भाषा साडीचीच होती. दोन दिवस घरात अबोला होता. शेवटी आई एवढेच म्हणाली, "पाच म्हणजे पाचच. सहावी नाही." त्या पाच जणींना तिने खण-नारळ द्यायचे ठरवले आणि प्रत्येकीच्या घरी स्वतः जाऊन आमंत्रण दिले. चौघींनी मनापासून घेतले. आत्या मात्र लग्नात थोडी गप्पच होती. तिची समजूत अजून पूर्ण पटलेली नाही. योग्य गोष्ट केली की सगळेच खूश होतात, असे नाही.

वीस दिवसांनी ताई आणि मी येवल्याला गेलो. साडी घडी घालून तयार होती. मी १०,००० रुपये दिले आणि वर ३,००० ठेवले. म्हणालो, "काका, मी त्या दिवशी दाखवलेले भाव यंत्रावरच्या साड्यांचे होते. चूक माझी होती."

काकांनी माझ्याकडे पाहिले. नोटा मोजल्या आणि काकूंकडे दिल्या. काकूंनी त्या डब्यात ठेवल्या. कुणी आभार मानले नाहीत. क्षणभर मला चुकल्यासारखे वाटले. मग लक्षात आले की मी नकळत आभारांची वाट पाहत होतो. जणू काही मी दान करायला आलो होतो! स्वतःच्या मजुरीबद्दल माणूस कुणाचे आभार मानत नाही. मी काही दिले नव्हते, फक्त घेतलेले परत केले होते. आम्ही दाराशी आलो तेव्हा मागाचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

लग्नात ताई ती पैठणी नेसली. पदरावरचे मोर सर्वांनी वाखाणले. "केवढ्याला पडली?" असे एका काकूंनी विचारले. ताईने पूर्ण किंमत सांगितली. त्या म्हणाल्या, "थोडी कमी करून घ्यायची होती." ताई माझ्याकडे पाहून हसली.

आता पुन्हा लग्नसराई येईल. आपल्यापैकी अनेकांच्या घरी बस्त्याची वही उघडेल. त्या वहीत वस्तू आणि किंमत असे दोन रकाने असतातच. मी आता मनातल्या मनात तिसरा रकाना आखतो आणि त्यात लिहितो, ही वस्तू कुणाच्या किती दिवसांतून आली. तो रकाना दर वेळी भरता येतोच असे नाही. पण तो रिकामा राहिला तरी बोलताना जीभ थोडी जपून चालते. आपणही एकदा आखून पाहावा.