अभिवादनाचा पाठ : द्वितीय भाषा, संस्कृती आणि निवडीची नैतिकता

द्वितीय भाषेच्या अध्यापनात संस्कृतीचा अंतर्भाव असावा की नाही, हा प्रश्न आता फारसा वादग्रस्त उरलेला नाही. डेल हाइम्स यांनी संप्रेषणक्षमतेची संकल्पना मांडल्यापासून, व्याकरणशुद्ध वाक्य रचता येणे म्हणजे भाषा येणे नव्हे, हे सर्वमान्य झाले आहे. निरोप घेताना ‘जातो’ऐवजी ‘येतो’ म्हणावे, हे मराठी शिकणाऱ्या अमराठी अध्येत्याला क्रियापदांच्या कोष्टकातून कळत नाही. त्यामागील अशुभनिवारणाचा संकेत उलगडावाच लागतो. खरा प्रश्न यापुढचा, म्हणजे नैतिक स्वरूपाचा आहे : शिकवायची ती संस्कृती कोणाची?

पहिल्याच पाठातील अभिवादन घ्यावे. तेथे केवळ ‘नमस्कार’ आला, तर ‘रामराम’, ‘सलाम’ आणि ‘जय भीम’ म्हणणारे मराठी भाषक पाठाबाहेर राहतात. महारांवर लादला गेलेला ‘जोहार’ टाकला जाणे आणि आंबेडकरी समाजात ‘जय भीम’ रूढ होणे, ही केवळ शब्दांची अदलाबदल नव्हती. तो नेमून दिलेल्या सामाजिक स्थानाला दिलेला नकार होता. हा इतिहास वगळणारे अध्यापन संस्कृती शिकवत नाही, संस्कृतीतील एका गटाची सोय शिकवते.

आरंभीच्या अध्येत्यावर एवढा भार टाकता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. निवड अटळच असते. परंतु निवड करणे आणि निवड झाल्याचे लपवणे यांत भेद आहे. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात वसाहतकालीन भारतातील इंग्रजी साहित्याच्या अध्यापनाची जी चिकित्सा केली, तिचे मर्म हेच आहे : एका समाजाचे साहित्य मानवी मूल्ये म्हणून पुढे येते, तेव्हा त्यामागील सत्ता अदृश्य होते.

दुसरा पेच सर्वनामांचा. अनेक घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हटले जाते. वयाने मोठ्या मोलकरणीलाही ‘तू’ म्हटले जाते. अध्येत्याला हे ठाऊक नसेल, तर त्याला ऐकलेल्या संभाषणातील मान आणि अवमान उमगणार नाही. मात्र उमगणे म्हणजे अनुसरणे नव्हे. मोलकरणीला ‘तुम्ही’ म्हणणारा अध्येता मराठी चुकत नाही. तो मराठीत उपलब्ध असलेला पर्याय जाणीवपूर्वक स्वीकारतो.

म्हणून संस्कृतीचे अध्यापन हे शिष्टाचारांची यादी देण्यात संपत नाही. भाषकांमध्येच जेथे मतभेद आहेत, तेथे ते मतभेद अध्येत्यापुढे ठेवणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. एकमुखी संस्कृती शिकवणे सोपे असते. परंतु तशी संस्कृती कोणत्याही जिवंत भाषेपाशी नसते.