बोल्टाची बैठक

आमच्या धर्मग्रामातील मच्छीमारांच्या एका गटाने कर्ज काढून पिकअप गाडी घेतली. मालवणच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी बर्फात बांधावयाची आणि फोंडाघाट चढून उजाडण्यापूर्वी कोल्हापूरच्या बाजारात पोचवावयाची, हा तिचा नित्यक्रम. या गाडीचा एक बोल्ट दीड वर्षात चार वेळा तुटला. इंजिनाच्या हेडाला, जळका धूर सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा एक भाग जोडलेला असतो. गॅरेजवाले त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्या अगदी मागच्या टोकाचा हा बोल्ट. दर वेळी तोच. नवा घालावा, दोन-तीन महिने गाडी सुरळीत धावावी आणि एके रात्री इंजिन सुरू करताच पुन्हा ती ‘टिक्-टिक्’ ऐकू यावी.

गटाची हिशेबाची वही आमच्याकडे असते. त्यामुळे दोष कोणाचा, हा वाद दर वेळी आमच्याच पडवीत रंगे. चालक म्हणे बोल्ट हलक्या प्रतीचा. इतर म्हणत, चालकाचा पाय जड. आम्हीही एकदा धर्मगुरूच्या अधिकारवाणीने सांगितले, “या खेपेस चांगला घट्ट आवळून घ्या.” तो बोल्ट सर्वांत लवकर तुटला.

चौथ्या वेळी गाडी एका वयस्क मेस्त्रींकडे नेली. त्यांनी नवा बोल्ट हातात घेतलाच नाही. मॅनिफोल्ड सोडवून त्याच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि पट्टीखालून येणारा उजेड आम्हांस दाखविला. म्हणाले, “फादर, बोल्टाक कित्याक गाळी घालतास? बसाची जागाच वाकडी हा.”

मग त्यांनी जे समजावले ते वाचकांस सांगण्याजोगे आहे. घाट चढताना मॅनिफोल्ड कित्येक शे अंश तापतो. हाताएवढा, म्हणजे सुमारे अर्धा मीटर लांबीचा बिडाचा तुकडा पाचशे अंश सेल्सिअसने तापला तर अडीच मिलिमीटरच्या आसपास वाढतो. त्याला खेटून असलेले हेड मात्र पाण्याने थंड राखलेले. ते तितके वाढत नाही. ही ओढाताण टोकांना सर्वांत अधिक जाणवते, म्हणून टोकाचा बोल्ट आधी जातो. जाणते कारागीर भोके बोल्टापेक्षा किंचित मोठी ठेवतात, धातूला सरकायला वाव मिळावा म्हणून. बोल्ट वाजवीपेक्षा आवळला की तो वाव संपतो, शिवाय बोल्ट आतून ताणला जाऊन आधीच अर्धा मेलेला असतो. आमच्या गाडीत आणखी एक गोष्ट निघाली. खालच्या धुराच्या नळीला आधार देणारी पट्टी खाऱ्या हवेने केव्हाच गळून पडली होती, आणि त्या नळीचे सारे ओझे त्या एका बोल्टावर लोंबत होते. वर गाडीत माल किती भरला जाई, हे विचारल्यावर गटातील मंडळी एकमेकांकडे पाहू लागली.

आणि ती टिक्-टिक्! इंजिन तापले की धातू फुगून फट बुजते व आवाज थांबतो. चालकाला वाटते, गेले दुखणे. गार झाल्यावर पुन्हा तेच.

नटबोल्ट हा शब्द मालवणात अलीकडे हलकेपणाने उच्चारला जात नाही. 4 डिसेंबर 2023 रोजी राजकोट किल्ल्यावर अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. नटबोल्ट गंजल्याचे सार्वजनिक बांधकाम खात्याने त्याआधी काही दिवस पत्राने कळविले होते, असे वर्तमानपत्रांत आले. पुढे चौकशी समितीच्या अहवालात गंजाबरोबर कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग यांचाही उल्लेख असल्याचे छापून आले. गंज डोळ्यांना दिसतो. सांगाडा झाकलेला असतो. दोषी कोण, हे ठरविणे आमचे काम नव्हे. तेथे आता नवा पुतळा उभा आहे.

प्रत्येक यंत्रातून प्रवचन काढण्याची आम्हां पाद्र्यांची खोड जुनी आहे, हे आम्ही जाणतो. परंतु मेस्त्रींचे ते वाक्य ऐकताना आम्हांस प्रवचन सुचले नाही, लाज वाटली. आमच्या वाडीतील एका खलाशाने वेदीसमोर तीन वेळा दारू सोडण्याची शपथ घेतली आणि तीन वेळा मोडली. (ही गोष्ट पापनिवेदनातील नव्हे, साऱ्या वाडीला ती ठाऊक आहे, आणि त्याच्या अनुमतीनेच येथे लिहीत आहोत.) तिसऱ्या वेळी आम्ही त्याला चारचौघांत म्हणालो, “तू कच्चा आहेस.” आणि चौथी शपथ अधिक कडक शब्दांत लिहून ठेवली. थोडक्यात, बोल्ट आणखी आवळला.

सेमिनरीत आम्ही संत अल्फान्सस लिगोरी यांचे नीतिशास्त्र शिकलो होतो. 1696 साली जन्मलेले, आधी वकील व मग धर्मगुरू झालेले हे संत पापनिवेदन ऐकणाऱ्यांचे आश्रयदाते मानले जातात. सवयीने पाप करणारा, पापनिवेदनानंतरही त्याच पापात पुन्हा पडणारा आणि पापाच्या प्रसंगातच राहणारा, असा भेद त्यांनी जपला. कारण तिघांना औषध एक नव्हे. परीक्षेत आम्ही हे उत्तर उत्तम लिहिले होते. परंतु या खलाशाची मजुरी दर शनिवारी संध्याकाळी कोठे वाटली जाते, हे तीस वर्षांत कधी विचारले नाही. ती गुत्त्याच्या बाकावर वाटली जाते. मालकाकडून घेतलेली उचल फिटत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या होडीवर जाता येत नाही. घरी आईचे आजारपण. एवढे सारे ज्या एका जागी लोंबत आहे, तेथे आम्ही शपथ बसवीत होतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. माणूस म्हणजे बोल्ट नव्हे. त्याला इच्छास्वातंत्र्य आहे. परिस्थितीवर सारे ढकलले तर पश्चात्तापाला अर्थ काय उरतो? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1551 मध्ये पश्चात्तापाची व्याख्या करताना पुन्हा पाप न करण्याचा निश्चय त्यातच गोवला आहे, आणि तो निश्चय ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. हे आम्हांस मान्य आहे. हलका बोल्टही असतो. मेस्त्रींनीदेखील जुने बोल्ट फेकून योग्य प्रतीचे घातले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1987 च्या परिपत्रकात पापाच्या रचनांविषयी लिहिले, तेव्हा त्या रचनांचे मूळ व्यक्तींच्या कृतीतच असल्याचे बजावले होते. पण मग गुत्त्याच्या बाकावर पैसे वाटणे हीदेखील कोणा व्यक्तीचीच कृती ठरते, आणि ती वर्षानुवर्षे पाहून गप्प बसणे ही आमची. इच्छास्वातंत्र्याचा मुद्दा आपण नेहमी पडलेल्या माणसापुढेच का मांडतो, हे आम्हांस उलगडत नाही.

मॅनिफोल्डचे तोंड मशीनवर घासून सपाट केले, गॅस्केट नवे घातले, खालची पट्टी बसविली. प्रत्येक फेरीचा माल कमी करण्यास गट सहजी तयार झाला नाही. हप्ते भरावयाचे असतात, आणि ती अडचण खोटी नव्हती. दोन बैठका झाल्या, आवाज चढले, शेवटी चार क्रेट कमी करण्यावर तडजोड झाली. तो बोल्ट अद्याप शाबूत आहे.

खलाशाच्या बाबतीत आम्ही तीन होडीमालकांकडे गेलो. मजुरी रविवारी सकाळी मिस्सानंतर घरी द्यावी, एवढीच विनंती. दोघांनी मानली. तिसरा, ज्याच्याकडे हा खलाशी आहे, तो म्हणाला, “फादर, तुम्ही मिस्सा सांभाळा, आम्ही होडी सांभाळतो.” गेल्या महिन्यात खलाशी पुन्हा प्यायला. या वेळी आम्ही शपथ मागितली नाही. उचल नेमकी किती, ते वहीत मांडून घेतले. गटाच्या शिलकीतून ती फेडता येईल काय, हा विषय येत्या बैठकीत आहे, आणि विरोध होणार हे दिसतेच आहे.